कोरडं तोंड: स्प्रे की गोळी?

शोग्रेनच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. त्यात लाळ आटली की आज ना उद्या हा प्रश्न येतोच: कृत्रिम लाळेच्या स्प्रेवर भागवायचं, की पायलोकार्पिन, म्हणजे लाळ सुटायला लावणारी गोळी, सुरू करायची? मी दोन्ही करून पाहिलं. (नऊ बायकांमागे एखाद्या पुरुषाला हा आजार होतो म्हणतात. तो एखादा मी.)

स्प्रे तसा गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. फक्त बाटली नीट पाहून घ्या, काही स्प्रे आंबट असतात आणि लाळ नसलेल्या दातांना आंबट नकोच. मी आधी वर्षभर लिंबाच्या गोळ्या चघळल्या. साखर आणि आम्ल, दोन्ही एकदम! दात हिरडीला टेकतात तिथेच चार ठिकाणी कीड निघाली.

पण माझं स्प्रेशी बिनसलं ते वर्गात. मी शाळेत शिकवतो. वीसेक मिनिटं झाली की जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना ‘चट्ट’ वाजायची. पहिल्या बाकावर खसखस. मग फळ्याकडे वळून स्प्रे मारायचा. मुलांना वाटलं सरांना दमा आहे. एक मुलगी काळजीनं म्हणाली, “सर, जिना सावकाश चढा हं.” त्या दिवशी ठरवलं, आता पुरे.

गोळीचे चोचले आहेत. माझा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. घाम इतका येतो की खिशात दोन रुमाल लागतात, आणि मधल्या सुट्टीत पहिली धाव मुतारीकडे. पण तोंडात येते ती स्वतःची लाळ. आम्ल मारणारी, दातांना कॅल्शियम परत देणारी. स्प्रे निव्वळ ओलावा देतो. गोळीनं कीड थांबते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. फ्लोराइडची पेस्ट मी तेव्हाच धरली, त्यामुळे श्रेय कुणाचं कोण जाणे. तरी त्यानंतर नवी कीड नाही.

लाळेच्या ग्रंथींत थोडा जीव उरला असेल तरच गोळी चालते. दमा किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तिथे स्प्रेच बरा. रात्री मीही तोंड ओलं ठेवणारं जेलच लावतो.

स्प्रे अजून पिशवीत असतो. दिवाळीत घेतलेली बाटली शिमग्यापर्यंत पुरली. आणि परवा डब्यातली भाकरी आमटीत न बुडवता खाल्ली, नुसत्या चटणीशी.