रीडायरेक्शन प्लगइन: कामाचं आहे, पण चांदणी ओळखत नाही

वर्डप्रेसवर होमस्टेची किंवा हापूस विक्रीची साइट असेल, तर जुने पत्ते नव्याकडे वळवायला ‘रीडायरेक्शन’ हे मोफत प्लगइन पुरतं. ४०४ची (न सापडलेल्या पानांची) नोंद ठेवतं, सीएसव्हीतून (रकान्यांच्या साध्या फाइलमधून) ढीगभर नियम एकदम घेतं (तिसरा रकाना रेजेक्सचा, म्हणजे चिन्हांनी पत्त्याचा नमुना लिहायच्या पद्धतीचा; तसा नियम असेल तर त्यात १ घालायचा). बहुतेकांचं अडतं ते चांदणीपाशी (*).

समजा, आंब्याच्या पेट्यांवर छापलेले क्यूआर कोड जुन्या पत्त्यांचे आहेत आणि /आंबा/ खालचं सगळं /हापूस/ खाली न्यायचंय. हात आपसूक लिहितो: /आंबा/*. प्लगइन इशारा देतं की असं चालणार नाही, रेजेक्स लागेल. मग बरेच जण रेजेक्सची खूण करतात आणि पत्ता तसाच ठेवतात. इशारा जातो, घोळ राहतो.

कारण रेजेक्समधली चांदणी म्हणजे ‘काहीही’ नव्हे. तिच्या आधीचं चिन्ह कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे वरच्या नियमात शेवटचा स्लॅश असला काय, नसला काय, सारखंच. त्यात /आंबापोळी अडकते, आणि सुरुवात बांधलेली नसल्यामुळे /पाककृती/आंबावडी पण. नियम असा हवा (पत्ते इथे देवनागरीत आहेत, तुमच्या साइटवर असतील तसे घाला):

जुना: ^/आंबा/(.*)$
नवा: /हापूस/$1

^ ने सुरुवात बांधली, $ ने शेवट. कंसात सापडलेलं $1 मध्ये उतरतं; कंस विसरलात तर प्रत्येक गिऱ्हाईक नुसत्या /हापूस/ वर जाऊन पडेल. एकाच पायरीपुरतं, म्हणजे पुढच्या स्लॅशपर्यंतचंच, हवं असेल तर (.*) ऐवजी ([^/]+). पत्त्यातला खराखुरा टिंब \. असा लिहायचा. प्रश्नचिन्हाची गंमत वेगळीच: वाइल्डकार्डात (चांदणीला ‘काहीही’ मानणाऱ्या साध्या नमुन्यात) ते एका अक्षराची जागा धरतं, रेजेक्समध्ये आधीचं चिन्ह ऐच्छिक करतं. एका अक्षरासाठी इथे साधा टिंब.

नवा पत्ता जुन्याच्याच पोटात असेल तर सांभाळा. ^/खोल्या/(.*)$ वरून /खोल्या/तारकर्ली/$1 कडे पाठवलंत की नवा पत्ताही त्याच नियमात बसतो, आणि ब्राउझर गरगर फिरून हात टेकतो. तिथे ^/खोल्या/(?!तारकर्ली/)(.*)$ लिहा; (?!…) म्हणजे ‘पुढे हे नसेल तरच’.

नियम तपासायला रेजेक्स१०१ या साइटवर पीएचपीचा प्रकार निवडा. ते स्लॅशआधी \ मागेल. प्लगइनमध्ये त्याची गरज नाही.

प्लगइन मुळात ३०१ (कायमचं वळण) लावतं, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. पावसाळ्यात स्कूबा बंद म्हणून ते पान दुसरीकडे वळवायचं असेल तर ३०२ (तात्पुरतं वळण) निवडा, नाहीतर हंगाम सुरू झाला तरी जुनं गिऱ्हाईक ‘सध्या बंद’वरच पोचू शकेल. तपासणी प्रायव्हेट विंडोत करा, तीही याच कारणाने.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो एवढ्यासाठी की हे वर्डप्रेसच्या आत चालतं. सर्व्हरवर खरोखर असलेली दरपत्रकाची पीडीएफ याच्यापर्यंत येतच नाही. तिच्यासाठी, सर्व्हर अपाचे या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर, त्याच्या एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्येच नियम लिहावा लागतो. तिथे ^/ उचलून चिकटवू नका. साइटच्या मुख्य फोल्डरात ठेवलेल्या त्या फाइलमध्ये रीराइटरूलला (पत्ता बदलायच्या सूचनेला) पत्ता सुरुवातीच्या स्लॅशशिवाय मिळतो, त्यामुळे नुसतं ^आंबा/(.*)$.