सारंगखेड्याच्या बाजारातलं खोगीराचं दुकान

दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका काकांकडून खोगीर आणि लगाम घेतला, दोन महिने वापरून लिहितोय. चामडं एक नंबर, दुहेरी शिलाई, घोडीच्या पाठीला कुठंच घासलं नाही. फक्त तंगाचं, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायच्या पट्ट्याचं, बक्कल आठवड्यात ढिलं पडलं, फोन केला तर "पाठवून द्या भाऊ, बदलून देतो" म्हटले आणि दिलंही, पण कुरिअरचे पैसे माझेच गेले ते खटकलं.

दुकानात बुझकशीचा मोठा फोटो आहे, अफगाणिस्तानातला खेळ, धावत्या घोड्यावरून वाकून बकऱ्याचं नाहीतर वासराचं धड उचलायचं, स्वारांना चापंदाज म्हणतात. त्या फोटोसमोर मी बराच वेळ उभा होतो. 1979 ला सोव्हिएत फौजा शिरल्या, मग यादवी, गावंच्या गावं उठली, लोक पाकिस्तान-इराणात निर्वासित झाले, आणि माळावर सुरुंग पेरलेले असले तर घोडा सोडायचा कुठं? त्यात तालिबाननं 1996 नंतर खेळच बंद केला, 2001 नंतर परत सुरू झाला. पण मधल्या वर्षांत नाल ठोकणारा, खोगीर शिवणारा, चारा विकणारा यांनी काय खाल्लं असेल हो? कोरोनात आपली यात्रा भरली नाही तेव्हा काकांनी शिवून ठेवलेली खोगीरं घरातच पडून होती, सांगताना हात त्या फोटोच्या चौकटीवरच होता.

माल घ्याच, बक्कल मात्र तिथंच ओढून बघा.