ॲसिटोन, ब्युटानोन की ३-पेंटानोन: मॉडेलसाठी कोणता कीटोन घ्यावा?

कीटोनच्या ज्वलनाचं कायनेटिक मॉडेल, म्हणजे कुठली अभिक्रिया किती वेगानं होते याचं गणित, करायचं ठरलं की पहिलाच प्रश्न येतो, कुठल्या कीटोनचं? बहुतेक जण रेणूच्या आकारावरून ठरवतात: लहान तो सोपा. मी म्हणेन, कार्बोनिलच्या, म्हणजे कीटोनमधल्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या गटाच्या, दोन्ही अंगांना काय जोडलंय ते आधी बघा.

ॲसिटोनच्या दोन्हीकडे मिथाइल, म्हणजे एका कार्बनचा गट. त्यातला कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल लागतात, कार्बन-हायड्रोजनला ४०० च्या आसपास. त्यामुळे तापमान भरपूर चढलं की रेणू कार्बोनिलच्या शेजारीच फाटतो. एक मिथाइल सुटतो, आणि उरलेला तुकडा, ॲसिटाइल, तोही लगेच कार्बन मोनॉक्साइड आणि दुसरा मिथाइल देऊन मोकळा होतो. आधी एखाद्या रॅडिकलनं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या चळवळ्या तुकड्यानं, हायड्रोजन ओढून नेला, तर पुढे कीटीन नावाचा छोटा रेणू मिळतो आणि पुन्हा मिथाइलच. हा मिथाइल ज्वालेच्या कामाला आळशी. दोन भेटले की इथेन होऊन बसतात, आणि वाटेत हायड्रोजन अणू गाठला तर त्याला धरून मिथेन होतात. ज्वाला पुढे सरकते ती हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजनच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या नव्या रॅडिकलच्या जोरावर. तो अणूच खर्ची पडला तर ज्वाला रेंगाळणारच.

३-पेंटानोनच्या दोन्हीकडे इथाइल, म्हणजे दोन कार्बनचा गट. इथाइल तापला की इथिलीन होतो आणि हायड्रोजन अणू सोडतो, म्हणजे ज्वालेला हवं तेच हातात देतो. म्हणून या तिघांत ३-पेंटानोनची ज्वाला सर्वांत वेगवान, ॲसिटोनची सर्वांत मंद, आणि ब्युटानोन मध्ये. कार्बनची संख्या वाढली म्हणून हा क्रम लागतो असं समजू नका.

ब्युटानोनला एकीकडे मिथाइल, दुसरीकडे इथाइल. या विषमतेमुळे त्याच्यात हायड्रोजन तीन प्रकारचे. इथाइलमधल्या कार्बोनिलला लागून असलेल्या कार्बनवरचा (मिथिलीनवरचा) सर्वांत सैल, कारण तो गेल्यावर उरणाऱ्या रॅडिकलचा एकटा इलेक्ट्रॉन कार्बोनिलपर्यंत पसरतो (अनुनाद) आणि तो स्थिरावतो. तिथून हायड्रोजन गेला तर मिथाइलकीटीन आणि मिथाइल मिळतात. इथाइलच्या टोकाच्या मिथाइलवरून गेला तर इथिलीन आणि ॲसिटाइल, कार्बोनिलच्या पलीकडच्या मिथाइलवरून गेला तर कीटीन आणि इथाइल. एकाच इंधनात तीन फाटे, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. हायड्रॉक्सिल रॅडिकल (OH) कुठला हायड्रोजन किती प्रमाणात नेतो, हा आकडा थोडा हलवला तरी मॉडेलचं उत्तर हलतं. शिकायला मिळतं ते इथेच. शिवाय इंधन म्हणूनही तो खरा उमेदवार आहे: उत्कलनबिंदू ८० अंशांच्या आसपास, रिसर्च ऑक्टेन (अकाली पेटण्याला विरोध मोजणारा आकडा) ११० च्या वर, आणि बाष्पीभवनाची उष्णता किलोमागे इथेनॉलच्या निम्म्याच्या जवळपास, त्यामुळे थंड इंजिनात इथेनॉलइतका छळत नाही.

मग ॲसिटोन कुणी घ्यावा? ज्याला मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रियांची आणि त्यांच्या दरांची यादी, कशी बांधतात हेच आधी शिकायचंय, त्यानं. ब्युटानोन आणि ३-पेंटानोनच्या मॉडेलखालीही कीटीन, ॲसिटाइल, मिथाइल यांचा पाया लागतोच. ३-पेंटानोनला आणखी एक गिऱ्हाईक आहे, लेसर-प्रतिदीप्तीनं, म्हणजे लेसर पडल्यावर उजळणाऱ्या पदार्थाच्या मदतीनं, इंजिनातलं इंधन पाहणारे. तो सुमारे १०२ अंशांना उकळतो आणि पेट्रोलऐवजी प्रयोगात वापरलं जाणारं आयसो-ऑक्टेन ९९ ला, म्हणून त्यात मिसळला की जवळपास त्याच्याच बरोबरीनं वाफ होतो. तुम्हाला अशा मापनाचा अर्थ लावायचा असेल, तर निवड तिथेच संपली.

सायक्लोपेंटानोनचा मोह अनेकांना होतो. फरफ्युरलपासून, म्हणजे वनस्पतीच्या टाकाऊ भागापासून करता येतो, आणि उष्णतेनं फुटला की मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि दोन इथिलीन, हे कागदावर देखणं दिसतं. पण वलय उघडण्याचे दर सरळ साखळीच्या साधर्म्यानं उचलता येत नाहीत, क्वांटम रसायनाची गणितं करावी लागतात. पहिल्या मॉडेलला तो नको.

एक सावधगिरी. दोन मेकॅनिझम जोडताना मी एकदा मिथाइलकीटीन दोन नावांनी आत येऊ दिलं. एका नावानं तयार होत होतं, दुसऱ्या नावानं जळत होतं. आलेख सुरेख, इग्निशन डिलेही (मिश्रण पेटायला लागणारा वेळ) पटण्यासारखा, फक्त मिथाइलकीटीन शेवटपर्यंत साठत गेलं. जोडल्यावर प्रत्येक घटकाला जाण्याची वाट आहे का, ते हातानं तपासा. आणि ज्वालावेग काढायचा असेल तर प्रत्येक घटकाचा ट्रान्सपोर्ट डेटाही (तो वायूत कसा पसरतो, उष्णता कशी वाहतो याची माहिती) लागतो. शॉक ट्यूबच्या (धक्कालहरीनं वायू क्षणात तापवणाऱ्या नळीच्या) इग्निशन डिलेला तो लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून करणं सोयीचं.

प्रयोगही स्वतःच करणार असाल तर सील बदला. पेट्रोलला चालणारी फ्लुओरोरबरची ओ-रिंग कीटोनमध्ये फुगते. कीटोनला चालणारी ईपीडीएम रबरची ओ-रिंग पेट्रोलमध्ये फुगते. ब्युटानोन-पेट्रोल मिश्रणाला टेफ्लॉन लावा.