पाऊच की बरणी? खाद्यपदार्थ आणि पेयांसाठी पॅकिंग निवडताना

खाण्यापिण्याचा एखादा पदार्थ विकायला काढायचा म्हटलं की कृती पक्की होते, नाव ठरतं, आणि मग गाडी अडून बसते ती पॅकिंगवर. एकीकडे काचेची बरणी, पत्र्याचा डबा, प्लास्टिकची बाटली असा कडक माल. दुसरीकडे पाऊच, सॅशे, पिशव्या, म्हणजे लवचिक पॅकिंग. पाऊचवाला म्हणतो, आमचा माल हलका, स्वस्त आणि देखणा. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण निवड करायला तेवढ्या पुरत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोरडा माल असेल तर पाऊच घ्या, फार डोकं लावू नका. फसफसणारं पेय असेल तर पाऊचचं नाव काढू नका. मधल्या सगळ्या मालाचा निकाल दोन प्रश्नांवर लागतो: तुमचा पदार्थ नेमका कशाने बिघडतो, आणि एकदा फोडल्यावर गिऱ्हाईक तो किती दिवस पुरवून वापरणार?

वजन आणि जागा

अर्धा लिटरची काचेची बरणी रिकामीच साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरते. तेवढाच माल मावणारा उभा पाऊच दहा-बारा ग्रॅमचा असतो. वाहतुकीत हा फरक दिसतोच, पण त्याहून मोठी बचत माल भरण्याच्या आधी होते आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. रिकाम्या बरण्यांचा ट्रक म्हणजे निम्म्याहून जास्त हवेचं भाडं. रिकामे पाऊच मात्र गठ्ठ्यांनी येतात. काम मोठं असेल तर पाऊचही येत नाहीत, फिल्मचे रोल येतात आणि मशीनच पिशवी घडवतं, भरतं, सील करून कापतं. ज्याच्याकडे साठवणुकीची जागा कमी, त्याच्यासाठी ही एकच गोष्ट निर्णायक ठरू शकते.

शिवाय काच फुटते. एक बरणी फुटली की नुकसान एका बरणीचं नसतं; अख्खा खोका चिकट होतो, लेबलं खराब होतात. भरताना फुटली तर काम थांबवून, काचेचा कण कुठे उडाला असेल या धास्तीने आजूबाजूच्या उघड्या बरण्याही बाद कराव्या लागतात.

आता उलट बाजू. पाऊचला स्वतःचा कणा नसतो. बरण्या आणि डबे एकावर एक रचले की वरचा भार तेच पेलतात. पाऊचच्या खोक्यात तो भार पुठ्ठ्यावर आणि थेट मालावर येतो. म्हणून खोका जाड लागतो. हिशेब मांडताना बरणी आणि पाऊच यांचेच भाव शेजारी ठेवले जातात आणि खोक्याचा वाढलेला खर्च हमखास राहून जातो.

आत काय शिरतं, बाहेर काय जातं

खरी तुलना इथे आहे. काचेतून आणि पत्र्यातून ना हवा शिरते ना ओल. धोका असलाच तर झाकणाचा किंवा सांध्याचा. फिल्मचं तसं नाही. पाऊच कशाचा बनलाय त्यावर सगळं अवलंबून असतं, आणि बाहेरून दिसायला सगळे सारखेच चकचकीत.

साधं पॉलिथिन ओलाव्याला बऱ्यापैकी अडवतं, पण ऑक्सिजनला जवळजवळ मोकळं रान देतं. २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक चौरस मीटर पॉलिथिनमधून दिवसाला काही हजार सीसी ऑक्सिजन आरपार जातो. १२ मायक्रॉन पॉलिएस्टरमधून तोच आकडा शंभरच्या आसपास येतो. त्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवली, म्हणजे आपण ज्याला मेटलाइज्ड म्हणतो ती फिल्म घेतली, की तो एक-दोनच्या घरात उतरतो. खऱ्या ॲल्युमिनियम फॉइलमधून जवळपास काहीच जात नाही. म्हणून जड कामाच्या पाऊचची ठरलेली रचना अशी असते: बाहेर छपाईसाठी १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये ७ ते ९ मायक्रॉन फॉइल आणि आत वितळून सील होणारं ५० ते १०० मायक्रॉन पॉलिथिन. चिकटवलेल्या या तीन थरांची मिळून जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. तेवढ्यात पत्र्याच्या डब्याचं बरंचसं काम होऊन जातं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

पण फॉइल घडीवर चिरतं. वारंवार चुरगळलं की सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि कागदावरचा आकडा कागदावरच राहतो. उलट मेटलाइज्ड फिल्म घड्या जास्त सोसते, पण मुळातच तिची अडवण्याची ताकद थोडी कमी. ज्याचा माल लांब आणि खडबडीत वाटेने जाणार, त्याने हा फरक पुरवठादाराला विचारावा.

आता तुमचा पदार्थ घ्या. चिप्स आणि बिस्किटं सादळतात, म्हणजे त्यांचा शत्रू ओलावा. सुकामेवा, दूध पावडर आणि तेलकट पदार्थ खवट होतात, म्हणजे ऑक्सिजन आणि उजेड. यांच्यासाठी पाऊचमध्ये नायट्रोजन सोडून हवा बाहेर काढणं सोपं पडतं. बरणीच्या तोंडाशी उरलेली हवा काढणं त्यामानाने त्रासाचं. भाजलेली कॉफी स्वतःच कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. बंद पाऊच त्याने फुगतो, म्हणून त्याला एकाच दिशेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह लावतात: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. कडक डब्यात भरायची तर कॉफी आधी थोडे दिवस तशीच ठेवावी लागते आणि तेवढ्यात सुगंध उडतो. कॉफीला माझ्या मते व्हॉल्व्हचा पाऊचच.

पारदर्शक खिडकी ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. माल दिसला की विकला जातो हे खरं, पण खिडकीतून उजेडही आत येतो. तेलकट किंवा रंगावर विकल्या जाणाऱ्या मालाला खिडकी नको. काचेच्या बरणीचीही हीच अडचण आहे, पण ती कुणी दोष म्हणून मोजत नाही.

दोन ठिकाणी पाऊच स्पष्ट हरतो. धान्यातले काही किडे फिल्म सरळ पोखरून आत जातात. पत्र्याला आणि काचेला त्यांचं काही चालत नाही. दुसरं, उग्र माल. लिंबूवर्गीय फळांचा वास पॉलिथिन शोषून घेतं आणि रस बेचव लागायला लागतो. मसाल्यांची तेलं आणि व्हिनेगरसारखी आम्लं आतल्या थरातून झिरपून फॉइलपाशी पोचतात आणि थर सुटायला लागतात. पाऊचला आतून फोड आल्यासारखे दिसतात. अशा मालासाठी तयार पाऊच उचलू नये, थरांची रचना सांगून बनवून घ्यावी. नाहीतर मुकाट्याने काच.

शिजवून बंद केलेला माल

तयार भाजी, रस्सा, सूप असा माल महिनोन्‌महिने फ्रीजबाहेर टिकवायचा तर बंद करून साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवावा लागतो. हे काम पूर्वी फक्त डबा आणि बरणी करत असे. १९६८ मध्ये जपानमध्ये पाऊचमधली करी बाजारात आली आणि १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याने आपल्या तयार जेवणासाठी डबे सोडून पाऊच घेतले.

चवीच्या बाबतीत इथे पाऊच सरस आहे आणि त्याचं कारण फक्त आकार. गोल डब्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेपर्यंत कडेचा माल शिजून गाळ होतो. पाऊच चपटा, त्यामुळे मध्य लवकर तापतो, वेळ कमी लागतो, तुकडे तुकडेच राहतात.

मात्र यंत्राच्या बाजूने डबा जास्त समजूतदार आहे. तापताना पाऊचच्या आत दाब वाढतो आणि बाहेरून तेवढाच दाब दिला नाही तर सील उसवतं. म्हणजे साधं रिटॉर्ट (बंद केलेला माल तापवायचं यंत्र) चालत नाही, दाब सांभाळणारं लागतं, आणि पाऊच ट्रेमध्ये एकेक मांडावे लागतात. डब्यांची लाइन मात्र धडाधड चालते. आणि फॉइलचा पाऊच मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही. गिऱ्हाईक तसंच गरम करणार असेल तर फॉइलविना, पारदर्शक लेप दिलेली फिल्म मागा. ती महाग पडते.

पेयं

सोडा घातलेल्या पेयाच्या बाटलीत साध्या तापमानालाच बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट दाब असतो. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पाकळ्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत, दाबाने बूड बाहेर येऊन बाटली डगमगू नये म्हणून. पाऊच या दाबाने फुग्यासारखा गोल होतो. विषय संपला.

गॅस नसलेला रस, सरबत, दुधाची पेयं यांना तोटीचा पाऊच छान चालतो, विशेषतः एकाने एकदाच पिऊन संपवायच्या मापात. पण माप वाढलं आणि खप वाढला की बाटली पुढे जाते: बाटल्या भरण्याच्या मोठ्या लाइन तासाला हजारोंनी बाटल्या काढतात, तोटीचे पाऊच त्या वेगाने भरत नाहीत. रोजचे काही शे नग काढणाऱ्याला या मुद्द्याशी कर्तव्य नाही.

एक प्रकार मात्र फार कमी लोकांच्या डोक्यात येतो: खोक्यातली पिशवी. १९५५ मध्ये अमेरिकेत विल्यम शोल यांनी ती बॅटरीतल्या आम्लासाठी काढली, वाइनवाल्यांनी नंतर उचलली. नळ उघडला की द्रव बाहेर येतो, पिशवी आत दबते आणि हवा आत शिरत नाही. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवा, तिथली वाइन काही दिवसांत उतरते. पिशवीतली उघडल्यावरही कित्येक आठवडे टिकते. हॉटेल, कॅन्टीन अशा ठिकाणी पाच-दहा लिटरने द्रव माल द्यायचा असेल तर बाटली आणि कॅन यांच्याआधी याचा विचार करा.

सील

बरणीचं झाकण नीट लागलंय की नाही हे गिऱ्हाईकालाही कळतं. मधलं बटण दबलेलं असतं आणि उघडताना टक्‌ आवाज येतो. पाऊचची बारीक गळती कुणालाच दिसत नाही. दिसते ती तक्रार आल्यावर.

सील तीन गोष्टींवर चालतं: उष्णता, दाब आणि वेळ. तिन्ही जमवून ठेवले तरी पावडरचा एक पुसटसा थर किंवा तेलाचा थेंब सीलच्या पट्टीत अडकला की तिथे चिकटल्यासारखं दिसतं, चिकटलेलं नसतं. म्हणून भरताना पाऊचचं तोंड कोरडं राखणं हेच या कामातलं अर्धं कौशल्य. तपासायला दोन सोप्या गोष्टी पुरतात. पाऊच पाण्याखाली धरून घट्ट दाबा आणि बुडबुडा कुठून येतो ते बघा. आणि सीलची आडवी पट्टी कापून दोन्ही बाजूंनी ओढा: फिल्म ताणून फाटली तर सील पक्कं, पट्टी अलगद सुटली तर पूर्ण घाणा पुन्हा तपासा.

फोडल्यानंतर

झिपर जाहिरातीत चांगला दिसतो. पण बारीक पूड असेल तर चार दिवसांत झिपरच्या खाचेत पूड बसते आणि तो लागत नाही. घट्ट सॉस कोपऱ्यात अडकून राहतो, खोल पाऊचमध्ये चमचा घातला की दांडा बरबटतो. जो पदार्थ महिनाभर रोज थोडाथोडा काढायचा, त्याला रुंद तोंडाच्या बरणीशिवाय दुसरं काही नाही. मी तर म्हणेन, अशा मालाला पहिल्यांदा बरणी द्या आणि नंतर भरायला पाऊच. दोन्हीचे फायदे मिळतात आणि गिऱ्हाईकही धरून राहतं.

छपाई आणि पैसा

पाऊचच्या स्वस्ताईला एक अट आहे, ती म्हणजे नग. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो; सात रंग म्हणजे सात सिलिंडर. तो खर्च लाखभर पाऊचवर पसरला तर जाणवत नाही, दोन हजारांवर पसरला तर बरणी स्वस्त वाटू लागते. आणि घटकांच्या यादीत एक शब्द बदलला तरी त्या रंगाचा सिलिंडर नवा. नवीन माणसाने साधे तयार पाऊच घेऊन त्यावर लेबल लावावं, किंवा डिजिटल छपाई करावी. ती नगामागे महाग, पण सिलिंडर लागत नाहीत.

कचरा

इथे पाऊचची बाजू लंगडी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. चिकटवलेले वेगवेगळे थर सुटे करता येत नाहीत, त्यामुळे बहुथरी पाऊच सहसा पुन्हा वापरात येत नाही. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. पण काच वितळवायची भट्टी दीड हजार अंशांच्या आसपास तापलेली ठेवावी लागते, वर वजन वाहून नेण्याचं इंधन, त्यामुळे एकदा वापरून टाकलेली बरणी हवामानाच्या हिशेबात बऱ्याचदा पाऊचपेक्षा वाईट ठरते. तीच बरणी परत येऊन, धुऊन, अनेकदा भरली जात असेल तर गणित उलटतं.

एकाच जातीच्या प्लास्टिकचे, म्हणजे सगळे थर पॉलिथिनचे किंवा सगळे पॉलिप्रॉपिलिनचे, पाऊच आता मिळतात. फॉइलइतके ते हवा अडवत नाहीत, पण कोरड्या मालाला बहुतेक वेळा पुरतात. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा नियम २०२५ मध्ये लागू झाला आणि २०३० पर्यंत सगळं पॅकिंग पुनर्चक्रण (रिसायकल) करता येण्याजोगं असावं असं तो सांगतो. तिकडे माल पाठवायचा विचार असेल तर आजच याच पाऊचपासून सुरुवात करा.

ऑर्डर देण्याआधी

पुरवठादाराकडून थरांची रचना मायक्रॉनसकट लेखी घ्या, ऑक्सिजन आणि ओलावा किती जातो त्याचा अहवाल घ्या, आणि अन्नाशी संपर्क चालतो याचं प्रमाणपत्र घ्या. रिकामा पाऊच उघडून नाकाशी धरा. शाईचा किंवा सॉल्व्हंटचा वास आला तर तो तुमच्या मालात उतरणार. मग नमुन्याच्या पाऊचमध्ये स्वतःचा माल भरा, जोडीला तोच माल काचेच्या बरणीत भरा, थोडे नग उबेत आणि थोडे साध्या जागेत ठेवा. दर पंधरवड्याला दोन्ही शेजारी उघडून वास घ्या, चाखा, लिहून ठेवा. पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापायची असेल तर साध्या जागेतले नग सहा महिने ठेवावेच लागतील. उबेतले नग लवकर अंदाज देतात, पण तो अंदाजच असतो.