खान्देशच्या उन्हाळ्यात स्वीडिश बर्चच्या दोन खुर्च्या

गेल्या दिवाळीच्या सुमारास मुंबईतील जुन्या फर्निचरच्या एका विक्रेत्याकडून आम्ही जळगावच्या घरासाठी बर्चच्या लाकडाच्या दोन खुर्च्या घेतल्या. पावतीवर ‘स्वीडिश बीडरमायर, सुमारे 1830’ असे लिहिले होते आणि जोडीचे 62 हजार रुपये मोजावे लागले. एक संपूर्ण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्या वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की खुर्च्या उत्तम आहेत, पावतीवरचे साल मात्र मान्य करण्याजोगे नाही.

बीडरमायर हा 1815 च्या व्हिएन्ना परिषदेपासून 1848 च्या क्रांतीपर्यंतचा, मध्य युरोपातील सुखवस्तू मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत वाढलेला घाट. त्याचे नाव नंतर आणि थट्टेतून पडले. 1850 च्या दशकात म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकात बीडरमायर आडनावाचा एक भाबडा, कल्पित खेडवळ मास्तर अवतरला आणि त्याचे आडनाव पुढे या फर्निचरला चिकटले. स्वीडनमध्ये याच काळातील घाटाला तेथील राजाच्या नावावरून ‘कार्ल योहान’ म्हणतात. 1818 ते 1844 या काळात राज्य करणारा हा राजा मूळचा नेपोलियनचा फ्रेंच सेनापती, त्यामुळे तेथील कामात फ्रेंच दरबारी थाटाची छाया अधिक दिसते. महोगनीचे लाकूड बाहेरून आणावे लागे आणि महाग पडे, बर्च मात्र घरच्या जंगलात मुबलक. आपल्या पोथ्यांचे भूर्जपत्र ज्या हिमालयीन झाडाच्या सालीचे, त्याच कुळातले हे झाड आहे.

आमच्या खुर्च्यांवर कोरीव काम जवळजवळ नाही. मागचे पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले, पुढचे सरळ आणि खाली निमुळते. पाठीची वरची पट्टी रुंद व किंचित आत वळलेली, तिच्या कडेने काळ्या रंगाची एक बारीक रेघ. सगळा डौल लाकडाच्या आतील लाटांवर सोडलेला आहे. दारातून पाहिले असता जे पट्टे गडद दिसतात, तेच खिडकीकडून पाहताना उजळतात. उचलायला खुर्ची हलकी वाटते, पण बर्च सागवानाहून हलका असतो असे मुळीच नाही; येथे अवयवच बारीक ठेवले आहेत. बैठक जमिनीपासून साडेसतरा इंच असल्याने जेवणाच्या टेबलाशी ती नीट बसते. मांडी घालून बसणाऱ्याने मात्र तिच्या वाटेस जाऊ नये.

आता सालाविषयी. गादीची चौकट वर उचलून निघते, आणि ती काढल्यावर खरी खुर्ची दिसते. आतल्या बाजूस छिन्नीने पाडलेले रोमन तीन आणि पाच हे आकडे आहेत, म्हणजे संच किमान पाचांचा असावा. परंतु कोपऱ्यांतील ठोकळे टोकदार स्क्रूने बसवले आहेत, आणि असे यंत्रावर टोक काढलेले स्क्रू 19 व्या शतकाच्या मध्यापूर्वीचे नसतात. एखाद्या दुरुस्तीत ते आले असतील, असे मी स्वतःलाच समजावले असते. पण चौकटीवर गोल करवतीचे कमानदार ओरखडे आहेत आणि सांध्यांतील गोल खुंट्या एकसारख्या यंत्राच्या आहेत. 1900 च्या आसपास या घाटाची पुन्हा लाट आली होती, आणि आमची जोडी त्या लाटेतली असावी, असे मला वाटते. छायाचित्रे पाठवून विचारले तेव्हा विक्रेत्याचे उत्तर तीन आठवड्यांनी आले आणि त्यात फक्त ‘शैली 1830 ची’ एवढेच होते. खुर्च्या गोणपाटात गुंडाळून पाठवल्यामुळे एका पायावर पडलेल्या ओरखड्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना पाठीच्या पट्टीवरचे व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, एका कोपऱ्यात बोटभर सुटला. दिवसभर कोरडी उष्ण हवा आणि रात्री कूलरचा ओलावा, यांत लाकूड आकसते आणि फुगते, आणि त्यावरचा पातळ थर त्याच्याबरोबर हलत राहतो. आमचे मिस्तरी पट्टीवरून हात फिरवून म्हणाले, “हाई लाकूड सागनं नही शे भाऊ.” त्यांनी पांढरा गोंद काढलाच होता, परंतु मी सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या जुन्या गोंदाचा, आग्रह धरला, कारण सरस ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा सोडवता येतो. पॉलिश लाखेचे आहे आणि बहुधा ती लाख आपल्याकडूनच तिकडे गेली असणार. एका पाहुण्याने हाताला सॅनिटायझर चोळून पाठ धरली, तर चार बोटांचे चिकट ठसे उमटले, कारण चपडा, म्हणजे पॉलिशची ही लाख, स्पिरिटमध्ये विरघळतो. तो डाग मिस्तरींनी अर्ध्या तासात काढला.

पावतीवरच्या सालाचे पैसे देऊ नयेत, खुर्चीचे द्यावेत. त्या हिशेबाने जोडीला 40 हजार मला रास्त वाटले असते. मिस्तरींनी मागच्या पायाचा नमुना पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आहे आणि वाड्याच्या जुन्या सागवानी तुळईतून तशाच चार खुर्च्या करण्याचे कबूल केले आहे. एक वळणदार पाय काढायला रुंद फळी लागते आणि तिचा बराचसा भाग वाया जातो, म्हणून चार खुर्च्यांना एक तुळई पुरेल की नाही, हे ते गणेशोत्सवानंतर सांगणार आहेत.