वास्तववाद की रचनावाद? रशियाच्या शेजाऱ्यांवर लिहिणाऱ्यांसाठी

एमएच्या प्रबंधाला 'रशिया आणि त्याचे शेजारी' घेतलात, की पहिला पेच हाच पडतो. मीही त्यातून गेलोय. व्याख्या तुम्हाला पाठ असतील, म्हणून एकाच ओळीत: वास्तववाद देशांचं वागणं सत्ता आणि सुरक्षेवरून समजावतो, रचनावाद ओळख आणि कल्पनांवरून.

वास्तववाद घेतलात तर वेळेत सुटाल. एप्रिल २००८ मध्ये नाटोनं बुखारेस्टला जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील. ऑगस्टमध्ये रशियाचं जॉर्जियाशी युद्ध. वास्तववादी अभ्यासक मीअरशायमर हाताशी असले की प्रकरण दोन रात्रींत होतं. माझं झालं होतं.

मग फिनलंड आडवा आला. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा, सेंट पीटर्सबर्ग तिथून हाकेच्या अंतरावर, आणि एप्रिल २०२३ मध्ये हा देश नाटोत गेला. नाटो दारात येणं हेच दुखणं असेल तर मॉस्कोनं इथं आकाशपाताळ एक करायला हवं होतं. पुतिन मात्र जून २०२२ मध्येच म्हणाले होते की फिनलंड-स्वीडनशी युक्रेनसारखे वाद नाहीत. मी तळटीप टाकली: सैन्य युक्रेनमध्ये अडकलंय. पुढे भर घातली: २०२४ मध्ये रशियानं फिनलंडच्या सीमेकडचा लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा उभारला. दोन्ही मुद्दे खरेच आहेत. पण तळटीप फुगतच गेली, आणि एके दिवशी पानावर वर चार ओळी नि खाली अख्खा फिनलंड असं दिसलं. तिथं माझं मन उडालं.

रचनावादात तो प्रश्न सरळ बसतो. माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांना रशियनमध्ये 'जवळचा परदेश' म्हणतात. फिनलंड १९१७ पर्यंत झारच्या साम्राज्यात असूनही त्यात मोडत नाही. युक्रेनचं तर 'युक्रेनमध्ये' म्हणताना देशाच्या नावाआधी कोणता रशियन शब्द लावायचा इथपासून भांडण: 'ना' लावलं की प्रांतासारखं ऐकू येतं, 'व' लावलं की देशासारखं, आणि क्यीवचा आग्रह 'व'चा. जुलै २०२१ च्या लेखात पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन या दोघांना एकच लोक ठरवलं. आपलं मानलेलं माणूस वेगळं निघालं की होणारा जळफळाट रणगाडे मोजून कळत नाही, असं मला तरी वाटतं.

अर्थात हा सिद्धांत घटना घडून गेल्यावर शहाणा होतो. तोंडी परीक्षेत मला विचारलं, "मग २०२२चं युक्रेनवरचं आक्रमण आधी सांगता आलं असतं का?" मी पाणी प्यायलो.

रशियन येत नसेल आणि दोनच महिने उरले असतील, तर वास्तववाद घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त फिनलंडचं प्रकरण सगळ्यांत आधी लिहून बघा.