आयजेमच्या संघात जाताना: वेट लॅब की ड्राय लॅब, आणि मार्गदर्शक कोण?

आयजेम म्हणजे जिवाणूंसारख्या जीवांत जनुकबदल करून काही नवं बनवणाऱ्या विद्यार्थी संघांची जागतिक स्पर्धा. कॉलेजात नव्या आयजेम संघाची जमवाजमव सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला मोठ्याने: वेट लॅबला (प्रत्यक्ष प्रयोग) नाव देऊ की ड्राय लॅबला (संगणकावरची मॉडेलं)? दुसरा जरा दबक्या आवाजात: रोजच्या कामासाठी सरांना धरून राहायचं की पीएचडी करणाऱ्या ताईला? मी या संघात एक वर्ष सदस्य होतो, पुढे दोन वर्षं सल्लागार. दोन्ही प्रश्नांना मी एकच माप लावतो: आपली चूक आपल्याला किती दिवसांनी कळणार?

हे माप लावायचं कारण कॅलेंडर. आयजेम २००३ च्या जानेवारीत एमआयटीतला एक छोटा अभ्यासक्रम म्हणून सुरू झालं. २००४ च्या पहिल्या स्पर्धेत ५ संघ होते. आता दरवर्षी ३०० हून अधिक असतात आणि २०२२ पासून अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. संघ कितीही वाढले तरी वर्ष तेवढंच राहिलं. विषय ठरेपर्यंत वसंत सरतो, परीक्षा मध्ये येतात, आणि ऑक्टोबरात विकी, म्हणजे संघाची प्रकल्पाची वेबसाइट, गोठते. त्यानंतर पानावरचं अक्षरही बदलता येत नाही. हातात खरे महिने चार-पाच.

वेट लॅबचं गणित आधी मांडतो, कारण बहुतेकांना तिथंच जायचं असतं. सोमवारी ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे जिवाणूत बाहेरचा डीएनए घालणं: पेशी बर्फावर, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फावर, तासभर ३७ अंशांवर, मग प्लेटवर. रात्रभर इन्क्युबेटर. मंगळवारी कॉलनी दिसल्या तर त्या वाढवायला टाकायच्या, बुधवारी प्लाझ्मिड (घातलेला गोल डीएनए) काढून कापायचं आणि तुकड्यांची लांबी बघायला जेलवर चालवायचं, मग अक्षरांचा क्रम वाचायला सिक्वेन्सिंगला पाठवायचं. उत्तर हाती येईपर्यंत आठवडा जातो. म्हणजे एक अंदाज, एक आठवडा. प्रायमर किंवा एन्झाइम मागवायचं राहिलं असेल तर त्याहून जास्त.

आमच्या वर्षी आम्ही जीन बाहेरून तयार करून मागवला होता, ई. कोलाय या जिवाणूसाठी कोडॉन (एकेका अमिनो आम्लाची तीन अक्षरं) बदलून. बायोब्रिक पद्धतीने जोडायचा होता, म्हणजे टोकांना इको-आर-वन, एक्सबा-वन, स्पे-वन आणि पीएसटी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या जागा. कापायला घेतला की जेलवर हव्या त्या पट्टीऐवजी दोन आखूड पट्ट्या. आम्ही डीएनए खराब झाला म्हणालो, नवीन काढला. तेच. एन्झाइम जुनं झालं म्हणालो, नवीन आणलं. तेच. अठरा दिवस गेले. एका संध्याकाळी शेजारच्या बेंचवर पीएचडी करणाऱ्या ताईने जेलचा फोटो बघितला आणि विचारलं, ‘‘अरे, जीनच्या आतच पीएसटी-वन कापत नाही ना?’’ क्रम उघडला. मधोमध सीटीजीसीएजी बसलेलं, पीएसटी-वन कापतं ती सहा अक्षरं. ई. कोलायला ल्युसीनसाठी सीटीजी आवडतं आणि ग्लुटामीनसाठी सीएजी. प्रथिनात ही दोन एकापाठोपाठ आली आणि कोडॉन ई. कोलायच्या आवडीचे केले की पीएसटी-वनची जागा आपसूक तयार होते. सीएजीच्या जागी सीएए घातलं, प्रथिन तेच राहिलं, काम पुढे सरकलं.

ही चूक संगणकावर दोन मिनिटांत सापडली असती. आमच्या ड्राय लॅबच्या मुलांनी तो क्रम कधी उघडलाच नव्हता, कारण ‘ते वेट लॅबचं काम’. म्हणून मी सांगतो: हाताने काम करण्याची आणि वाट बघण्याची तयारी असेल तर वेट लॅबला जा. पण रोज रात्री वहीत आजचं काम लिहिण्याचा कंटाळा असेल तर नको. अठरा दिवसांत आम्ही नेमकं काय बदललं होतं, हे आमच्या वहीतून आम्हालाच नीट कळत नव्हतं.

ड्राय लॅबमध्ये उलटा धोका. तिथं पायथनचा कोड चुकला तर सेकंदात लाल अक्षरं येतात. पण कोड बरोबर चालला आणि मॉडेलच चुकीचं असलं तर कोणीच ओरडत नाही. हिल समीकरण (संकेत वाढला की जीन किती चालतो ते सांगणारं) घ्यायचं, आकडे एखाद्या जुन्या पेपरमधून उचलायचे, आणि एस आकाराचा सुंदर आलेख मिळतो. तो आपल्या जिवाणूचा आहे का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला गेलं की यंत्र जिवाणूची चकाकी (जीन किती चालतो त्याची खूण) स्वतःच्याच एककात सांगतं, दुसऱ्या यंत्राशी तिचा मेळ बसत नाही. आयजेमच्या इंटरलॅब अभ्यासात जगभरच्या संघांनी फ्लुओरेसीन हा चकाकणारा रंग वापरून हीच मापं जुळवली होती. ड्राय लॅबला जाणाऱ्याने पहिल्या महिन्यातच वेट लॅबला सांगायला हवं की मला कोणत्या वेळी, कोणत्या एककात, किती वेळा मोजलेलं हवं आहे. हे मागायला संकोच वाटत असेल तर मॉडेल सप्टेंबरात शोभेचं चित्र होऊन बसतं.

गणित आवडतं पण जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं, असे कितीतरी जण स्वतःला अपात्र ठरवून माघारी जातात. त्यांना मी २००९ चा बंगळूरचा संघ सांगतो. सृष्टी या कला-डिझाइन संस्थेची मुलं होती ती, जीवशास्त्राची नव्हेत. त्यांनी ई. कोलायकडून जिओस्मिन बनवून घ्यायचं ठरवलं, म्हणजे पहिल्या पावसाला मातीतून येतो तो वास. विषय निवडायला मृद्गंध आठवणारं माणूस लागलं, पदवी नव्हे.

तिसरा गट ह्युमन प्रॅक्टिसेसचा, म्हणजे प्रकल्प ज्यांच्या कामाचा त्या लोकांशी बोलणाऱ्यांचा. त्याला मुलं सोपा समजतात आणि उरलेल्यांना तिथं पाठवतात. मला हे मनापासून खटकतं. एडिंबरोच्या संघाने २००६ मध्ये पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू केला आणि त्याचं उत्तर पीएचच्या बदलात दिलं, म्हणजे महागडं यंत्र नसलं तरी वाचता येईल असं. पाणी कोण तपासणार, कुठे तपासणार, याचा विचार जीन निवडण्याच्या आधी व्हावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशाची ५०. तुमचा जिवाणू ४० ला जागा होत असेल तर तो कोणाच्या कामाचा, हे लोकांशी बोलणाऱ्यानेच आणून द्यायचं. एका तासाच्या बोलण्यात अख्ख्या प्रकल्पाची चूक कळू शकते. माझ्या मापाने हा सर्वांत जलद गट आहे, पण बोलणी मार्चमध्ये झाली तरच. ऑगस्टमध्ये झाली तर त्यांचं फक्त विकीवर एक पान होतं.

आता मार्गदर्शक. आयजेमच्या नियमाप्रमाणे संघाला पीआय (प्रमुख मार्गदर्शक प्राध्यापक) लागतातच, आणि भारतात जनुकबदल केलेल्या जीवांवर काम करायचं तर १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीतून जावं लागतं. ती वाट सरांशिवाय किंवा मॅडमशिवाय उघडत नाही. फ्रीजरमधली जागा, जुन्या अनुदानातून निघणारे चार पैसे, नोंदणीचे हजारो डॉलर कुठून आणायचे याची दिशा, हे सगळं त्यांच्याकडूनच येतं. आणि प्रकल्प मुळातच फसणारा असेल तर ते वीस वर्षांच्या अनुभवावर पहिल्याच बैठकीत सांगू शकतात. आमच्या सरांनी आमचे दोन विषय असेच वाचवले, म्हणजे सुरू होऊ दिले नाहीत.

पण सर जेल बघत नाहीत, शुक्रवारची स्लाइड बघतात. स्लाइडवर आम्ही ‘अडचण: डीएनएचा दर्जा’ असं लिहिलं होतं, आणि त्यावर त्यांनी योग्य तोच सल्ला दिला. चुकीचं निदान आमचं होतं. ताईने फोटो बघितला म्हणून तिला कळलं. रोजच्या चुका पकडायला रोज बेंचवर असणारं माणूसच लागतं. तिच्याकडची उणीवही सांगतो: तिचा स्वतःचा थिसिस असतो. सप्टेंबरात तिची सेमिनार आली की ती आठवडाभर दिसणार नाही, आणि तिला प्रकल्पाच्या दिशेबद्दल सरांना नाही म्हणणं जड जातं. म्हणून दिशा सरांकडून, हात ताईकडून. एकच मिळणार असेल आणि प्रयोगशाळेची परवानगी आधीच हातात असेल, तर मी ताई निवडेन.

मागच्या वर्षीचे सदस्यही संघात सल्लागार म्हणून येतात. त्यांचा उपयोग खूप, पण त्यांच्याकडून काम करवून घेऊ नका. कोणी काय केलं ते ॲट्रिब्युशन्सच्या पानावर स्पष्ट लिहावं लागतं आणि परीक्षक ते वाचून प्रश्न विचारतात.

वयाचंही बघून ठेवा. संघातला एकही विद्यार्थी २३ च्या वर असला तर अख्खा संघ ओव्हरग्रॅज्युएट, म्हणजे मोठ्या वयाच्या, गटात जातो. एमएस्सीच्या मित्राला सोबत घेण्याआधी हे सगळ्यांनी बसून ठरवा.

निवडीच्या मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षी सर्वांत उशिरा कळलेली चूक कोणती, आणि ती कोणी पकडली? जो संघ थांबून, आठवून, नाव घेऊन उत्तर देतो, तिथं जा. आणि ज्याचं नाव घेतलं, तो माणूस यंदा आहे का, तेही विचारून घ्या.